सेहेचाळीसमधला सहा

गुरुवारी सकाळी कोच टोपी हातात घेऊन तळघरात आले. कपडे बदलणाऱ्या मुलांना म्हणाले, "पोरांनो, मा हुदाक गेल्या. पहाटे, इस्पितळात." बुटांचे आवाज थांबले. माझ्या सुईखाली तेव्हा एक जर्सी अर्धवट शिवलेली होती.

मित्रांनो, मी एक जुनं शिवणाचं मशीन आहे. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या डोंगरांत हेल्टन नावाचं लहानसं कॉलेज आहे. तिथल्या व्यायामशाळेखालच्या तळघरात माझी जागा. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला ते आठवत नाही. मला आठवतात ते झुझाना हुदाकचे पाय. तिचा नवरा ओंद्रे संघाचं सामान सांभाळायचा आणि फाटलेलं सगळं ती शिवायची. इथला फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारून पळायचं आणि दुसऱ्यांनी धरून आडवं पाडायचं. त्यामुळे दर सोमवारी माझ्यापुढे फाटक्या बाह्यांचा ढीग पडे. बावीस वर्षं आम्ही दोघांनी तो उपसला. मुलं तिला 'मा' म्हणत आणि ओंद्रेला 'पॉप'. जाता जाता एखादा माझ्यावर थाप मारून म्हणे, "अख्ख्या संघात हे एकच कधी पडत नाही!" मला ते फार आवडे.

१९५० सालच्या त्या बुधवारी ती संघातल्या प्रॉबर्ट नावाच्या मुलाच्या नव्या जर्सीवर सेहेचाळीसचा आकडा शिवत होती. चार झाला. सहा अर्ध्यावर आला आणि ती कपाळ धरून उठली.

"डोकं फुटतंय रे," ती ओंद्रेला म्हणाली. "घरी जाऊन जरा पडते. सुई उचलू नकोस हं, कापड सरकेल. आलेच मी."

ओंद्रेने ते शब्द घट्ट धरून ठेवले. तिला पुरून आल्यावर तो रोज माझ्यासमोर बसे, पण मला हात लावत नसे. प्रॉबर्टसाठी त्याने एक जुनी जर्सी काढली आणि तिच्यावर हातानेच आकडा शिवला. सहा उलटा लागला, इंग्रजी आकड्याचा नऊ झाला. त्याला ते दिसलंच नाही.

पुढच्या शनिवारी मैदानावर काय झालं ते मला सोमवारी मुलांच्या बोलण्यातून कळलं. एकोणपन्नास नंबर खरं तर कर्णधार कॅझचा. पंचांनी शिट्टी मारून विचारलं, "तुमचे एकोणपन्नास दोन कसे?"

"काय करणार साहेब," कॅझ म्हणाला, "चांगली माणसं कमी आहेत आमच्याकडे. एकालाच दोनदा आणलंय."

लोक खूप हसले. प्रॉबर्टला मात्र अर्धा सामना बाहेर बसवलं. ओंद्रे पाण्याच्या बादलीपाशी मान खाली घालून उभा होता. संघ हरला. कोचनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "पॉप, गावातली शिंपीण बोलावू का?" ओंद्रे नुसता "नको" म्हणाला. त्याने सहा सुलटा केला, पण ती जर्सी जुनी होती. दोन सामन्यांनंतर ती खांद्यापासून कमरेपर्यंत फाटली.

माझ्यातलं तेल सुकत होतं. सुईच्या टोकाला गंज धरत होता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या सामन्याआधी प्रॉबर्ट एकटाच खाली आला.

"पॉप, बाबा येणारेत. खाणीतली पाळी बुडवून. त्यांनी मला एकदाही खेळताना पाहिलं नाहीये. सेहेचाळीस शोधा, असं लिहिलंय मी त्यांना."

"ती म्हणाली होती, सुई उचलू नकोस."

प्रॉबर्टने सुईखालचा अर्धवट सहा पाहिला. मग हळूच म्हणाला, "उचलू नका म्हणाल्या ना? शिवू नका नाही म्हणाल्या."

ओंद्रेने त्याच्याकडे पाहिलं. "वर जा बाळा," तो म्हणाला.

मग त्याने खुर्ची ओढली. त्याचा पाय जड होता. मी कुरकुरत चालू लागलं. तिच्या टाक्याला लागून त्याचा टाका पडला, वेडावाकडा, लांबलांब. सहाचा पोटातला गोल त्याने वळवत वळवत पुरा केला. दोरा तोडण्यापूर्वी त्याने डोकं माझ्या लाकडावर टेकलं. "झुझा, झालं गं," एवढंच म्हणाला आणि सुई उचलली.

त्या सामन्यातही आम्ही हरलो. पण खाणीतून आलेल्या माणसाला त्याचा मुलगा पहिल्या नजरेत सापडला, असं कॅझ सांगत होता.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू झाकून ठेवणं म्हणजे त्या जपणं नव्हे. आम्हाला तेल द्या. आम्हाला कामाला लावा, शिवण वाकडी आली तरी चालेल. माणूस गेल्यावर आमच्याकडे देण्यासारखं तेवढंच उरतं.

डिसेंबर लागला आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कॉलेजच्या नावाचं लोकरी आद्याक्षर छातीवर लावलेला स्वेटर मिळतो. ते स्वेटर आले आहेत, अक्षरंही आली आहेत. कोचनी ती माझ्या फळीवर ठेवली आहेत. ओंद्रे आठवडाभर खाली आलेला नाही.

सहा स्वेटरांवर अक्षरं शिवायची राहिली आहेत.