चार नंबरच्या टेबलाचे ठोकळे

आमच्या विद्यापीठाने परदेशात शाखा काढली, तेव्हा वरून हुकूम आला: भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा तिथेही जशीच्या तशी हवी. यादी करायचं काम माझ्याकडे. एकतीस वर्षं मी इथली मदतनीस. मुलं मला मावशी म्हणतात, विभागप्रमुख सरसुद्धा. खिळा न् खिळा लिहिला मी.

मनात होतं, तिथे मांडामांड करायलाही मलाच पाठवतील. गुपचूप पासपोर्ट काढला. आमच्या ह्यांनी माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली. आणि गेला कोण? काल लागलेला डेमॉन्स्ट्रेटर, माझी यादी काखेत मारून! अस्सा राग आला म्हणून सांगू. बॅग मात्र खालीच राहू दिली.

सहा महिन्यांनी सरांनी बोलावलं. तिथे चार नंबरच्या टेबलावर प्रयोगाचे आकडे चुकतच होते. "कारण सापडेना. उद्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही बघा. तरी नाही कळलं, तर मावशी, तुम्हालाच महिनाभर पाठवावं लागेल."

मला आनंदाने जेवण जाईना. हे म्हणाले, "उद्या तोंडाला कुलूप लाव. लगेच शहाणपण पाजळू नकोस."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर टेबल दिसलं. उतारावरून छोटी गाडी सोडून वेळ मोजायचा प्रयोग. शेजारी आपल्याकडचीच एक मुलगी, डोळे लाल. डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला, "ही तिसऱ्यांदा करतेय. हिचा हातच नीट चालत नाही. परवा परीक्षा आहे, नापास होणार."

"जरा टेबलाचे पाय दाखव बाबा."

डाव्या दोन्ही पायांखाली बोटभर जाडीचे ठोकळे. सुताराकडून मुद्दाम करून घेतलेले, वर पॉलिश!

अगं बाई! आमच्याकडे त्या जागी फरशी खचलीय, म्हणून मीच ठोकळे घातले होते. यादीत ठोकळे लिहिले, कशासाठी ते लिहायचं राहिलं. तिथली फरशी नवीकोरी, सपाट. टेबल कललं, उतार बदलला, ते माझ्यामुळे.

गप्प बसायचं होतं. कपाटातला पासपोर्ट डोळ्यांसमोर आला. मग त्या मुलीने बाहीने नाक पुसलं आणि मला राहवेना.

"काढ ते ठोकळे, मेल्या! पोरीचा हात चांगलाच आहे!"

ठोकळे निघाले. तिने पुन्हा गाडी सोडली, वहीत गणित केलं आणि ओरडलीच, "मावशी, बरोबर आलं!"

सर हसले. "चला, तुमची एवढ्या लांबची दगदग वाचली." मीही हसले.

घरी दार उघडताच ह्यांनी माझं तोंड बघितलं. "सांगून टाकलंस ना?"

"पोरगी रडत होती हो."

हे शिडी आणून माळ्यावर चढले. बॅग मीच उचलून त्यांच्या हातात दिली.