जुन्या पत्त्यावरचं पान

पंचशीलाने जुनी वेबसाइट बंद केली, नवीन चालू केली आणि खुर्ची मागे सरकवून एकेक पान उघडून पाहू लागली. पहिलं उघडलं. दुसरं उघडलं. सगळं जागच्या जागी होतं, तरी तिला बसवेना. ती उठली, माठातलं पाणी प्यायली, पुन्हा येऊन तीच पानं उघडत राहिली. सोमवारी हैदराबादच्या एका कंपनीत तिची मुलाखत होती आणि दाखवायला तिच्याजवळ एवढं एकच काम होतं.

सीमाभागातल्या बातम्यांची ही वेबसाइट माणिकप्पांनी २००३ साली बीदरमध्ये सुरू केली, तेव्हापासून तिथली प्रत्येक बातमी म्हणजे एक सुटी फाइल होती. मथळ्याचा नुसता रंग बदलायचा म्हटलं तरी हजारो फायली उघडाव्या लागत. पंचशीला दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती : सगळा मजकूर डेटाबेसमध्ये घालू, साचा एकच ठेवू, कुणी मागेल तेव्हा पान आपोआप तयार होईल.

"फाइल डोळ्याला दिसती," माणिकप्पा म्हणायचे. "पेनड्राइव्हात घालून खिशात टाकता येती. तुझ्या त्या डेटाबेसात काय हाय, काय न्हाई, मला कसं कळायचं?"

"शोधलं की सापडतंय, अण्णा."

शेवटी ते कबूल झाले. जुन्या छोट्या जाहिराती मात्र आणू नकोस म्हणाले. मुदत संपलेल्यांचं ओझं कशाला? पंचशीलाला ते बरंच वाटलं. तिने तारखेची अट घातली आणि त्याआधीच्या सगळ्या जाहिराती एका फटक्यात गळाल्या. त्यांत काय काय होतं, ते तिने उघडून पाहिलं नाही.

दुपारी कचेरीतला फोन वाजला.

"तुमच्या साइटवरलं एक पान उघडंना झालंय," पलीकडचा माणूस म्हणाला. त्याच्या मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं आणि कुणीतरी हिंदीत ओरडत होतं.

"कुठलं पान?"

"हरवल्याचं. निंबर्ग्याच्या पोराचं. मल्लेश म्हणून."

"जुन्या जाहिराती काढल्या आम्ही. तुम्ही कोण बोलायलाव?"

"काढल्या कामून?"

"मुदत संपली व्हती."

"म्हंजे, घरच्यांनीच काढा म्हणलं?"

पंचशीलाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"न्हाई," ती म्हणाली. "घरच्यांनी न्हाई. मीच काढलं. तुम्ही मल्लेशचे कोण?"

यंत्राची घरघर तेवढी थोडा वेळ ऐकू आली, मग फोन बंद झाला. कचेरीतल्या त्या जुन्या फोनवर नंबर दिसत नसे.

ती जाहिरात म्हाळसाबाईची होती; तारखेच्या अटीत तीही गळेल, हे पंचशीलाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी तिच्या चौदा वर्षांच्या मल्लेशने मेंढरं दुसऱ्याच्या तुरीत जाऊ दिली म्हणून बापाने, सिद्धाप्पाने, त्याला चारचौघांत चाबकाने मारलं होतं. त्याच संध्याकाळी पोरगं घरातून निघून गेलं. पुढे नवरा-बायकोने मेंढरं विकली आणि गाव सोडून ती बीदरजवळच्या कोळारला आली. सिद्धाप्पा मागच्या वर्षी वारला. म्हाळसाबाई तिथल्या एका गोदामात डाळ निवडायला जायची आणि सुट्टीच्या दिवशी कचेरीत येऊन पंचशीलाच्या खुर्चीमागे उभी राहायची. "दाखव की, बाई." तिला वाचता येत नव्हतं. फोटो बघायची आणि निघून जायची. उद्या तिची सुट्टी होती.

पंचशीलाने ती जाहिरात डेटाबेसमध्ये घालून पाहिली. पान तयार झालं, पण नव्या साच्याने वय आपलं आपणच मोजलं आणि शाळेच्या सदऱ्यातल्या पोराच्या फोटोखाली 'वय २१' असं छापलं. पानाचा पत्ताही नवा होता. फोन करणाऱ्याला ठाऊक होता तो जुना. जुन्या पत्त्यावरून इकडे वळवता आलं असतं. तिने तसं करायला घेतलंही, मग ते वय पुन्हा पाहिलं आणि सगळं पुसून टाकलं. जुन्या फोल्डरातून ती एकटी फाइल काढून तिने होती त्याच जागी, त्याच नावाने ठेवून दिली.

माणिकप्पा मागे येऊन उभे राहिले होते.

"आता सुटी फाइल व्हय? सोमवारी त्या कंपनीवाल्यांनी विचारलं तर?"

"विचारू द्या."

संध्याकाळपर्यंत फोन पुन्हा वाजला नाही. घरी जेवतानाही तिचं लक्ष ताटात नव्हतं. फोनचं सांगावं, तर एका अनोळखी आवाजावर त्या बाईला झुरत ठेवल्यासारखं होणार. न सांगावं, तर आपण कोण लपवणारे?

दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई आली, खुर्चीमागे उभी राहिली. फोटो उघडला.

"मावशी," पंचशीला पडद्याकडेच बघत म्हणाली, "काल एक फोन आलता. हे पान कामून दिसंना, म्हणून विचारायला."

"कुणाचा?"

"नाव न्हाई सांगितलं."



"आवाज कसा व्हता?"

"मोठ्या माणसाचा."

"गेला तवा आवाज फुटायलाच व्हता त्याचा," म्हाळसाबाई म्हणाली. "आता मला तरी कुठं वळकू यायचाय."

"त्योच आसंल असं न्हाई, मावशी. दुसरं कुणीबी..."

"व्हय." तिने खुर्चीची पाठ धरली. "ह्यात काय लिवलंय ते वाच बरं."

इतक्या वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं. पंचशीलाने वाचलं : "मल्लेश, जिथे असशील तिथून निंबर्ग्याला घरी ये. आई आजारी आहे. वडील रागावणार नाहीत."

"मी कोळारला ऱ्हाती, ते घाल. आन् आजारी हाय ते काढ. धड हाय मी."

पंचशीलाने गाव बदललं, एक वाक्य काढलं. उरलेल्या वाक्यापाशी येऊन तिची बोटं थांबली.

"आणि हे, मावशी? वडील रागावणार नाहीत..."

"ऱ्हाऊ दे. खोटं न्हाई ते."

"पण काका गेले, हे लिहू का?"

म्हाळसाबाईने वाकून पडद्यावरच्या अक्षरांकडे नीट पाहिलं, जणू ती तिला वाचता येत होती.

"नगं," ती म्हणाली. "ते मी सांगीन."