नुसता सूर

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे मिराबाईचा तांडा आहे. तिथल्या बाया रडतात तेही सुरात. घर सोडून निघालेली पोरगी आईच्या, आजीच्या गळ्यात पडते आणि दोघी ढावलो गातात. गातागाता पोटातलं सगळं बाहेर येतं. पुरुष तेवढ्यापुरते लांब जाऊन उभे राहतात. त्यात जे बोललं गेलं ते पुन्हा कुणी तोंडावर आणत नाही. मिराबाईच्या सत्तर वर्षांत ही रीत कधी मोडली नव्हती.

म्हणून तर नात शितल कॉलेजला निघाली त्या सकाळी मिराबाईनं कधीच कुणाला न सांगितलेलं तिच्या कानाशी गायलं होतं. बाकीच्या बाया हळद खुरपायला गेल्या होत्या, दोघीच होत्या. तांड्यातून कॉलेजला जाणारं ते पहिलंच लेकरू. तिचा बाप जगन बारावीनंतर तिचं लग्न उरकायच्या बेतात होता. मिराबाई दोन दिवस जेवली नाही, तेव्हा तो नमला.

लकव्यानं वाचा गेलेल्या माणसांना बोलतं करायचं, असलं काही शितल शिकत होती. आजोबा गुलाबचंद तिला चिडवायचा, "तुझ्या दादीला गप करायचं बी शिकवतेत का तिथं?" मिराबाई हसायची. त्या चार वर्षांत तिला हलकं वाटत होतं. आपलं ओझं एका माणसानं ऐकलंय, जपलंय, असं ती धरून चालली होती.

शेवटच्या वर्षी शितल हिंगोलीच्या एका दवाखान्यात काम करत होती. तिथल्या कार्यक्रमाला तिनं आजी-आजोबांना बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. कुरुंद्याचे सटवाजी म्हणून एक शेतकरी होते, आठ महिन्यांत ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. शितलनं त्यांचा तळहात हातात घेऊन त्यावर ठेका धरला आणि गुणगुणू लागली. सटवाजींचे ओठ थरथरले. मग ते चक्क गायले, "नर्मदा, पाणी दे." त्यांच्या बायकोनं, नर्मदानं, तोंडावर पदर घेतला. मिराबाईलाही भरून आलं. असलं काम आपली पोरगी करते, याचा तिला फार अभिमान वाटला.

शितल माईकवर सांगू लागली की बोलून येत नाही ते गाऊन येतं, हे मी घरीच शिकले. आणि तिनं मोबाइल माईकशी धरला.

सभागृहात मिराबाईचा आवाज घुमला. ती सकाळ, तो ढावलो. शितलनं आठवण म्हणून तेव्हा टेप करून ठेवला होता. मिराबाईला पत्ताच नव्हता. रीताचं नाव आलं. मिराबाईची लेक, उसाच्या फडावर वारलेली चार वर्षांची रीता. ताप मला रात्रीच कळला होता, आवाज गात होता, पहाटे गाडी भरायची होती, मी तोंड उघडलं नाही.

लोकांना बंजारा बोली कळत नव्हती. ते माना डोलवत होते. टाळ्या पडल्या.

गुलाबचंदला मात्र शब्द न् शब्द कळला. ताप सकाळी एकाएकी चढला, असं चव्वेचाळीस वर्षं त्याला माहीत होतं. त्यानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि खाली पाहत बसला.

बाहेर आल्यावर मिराबाईनं नातीला बाजूला घेतलं. "काहून केलंस?"

"दादी, तिथं कुणालाच आपली बोली कळत न्हाई."

"एकाला कळती."

शितलनं आजोबाकडं पाहिलं. तो पाठ करून उभा होता. तिचा चेहरा उतरला. "मी सूरच ऐकला गं. तेवढा तुकडा सुरासाठी घेतला. शब्दांकडं माझं ध्यानच नव्हतं, तवाबी आन् आताबी."

मिराबाईला तेच जास्त लागलं. तिनं जिच्यापाशी ठेवलं होतं, तिनं ते ऐकलंसुद्धा नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गुलाबचंदनं एवढंच विचारलं, "आदल्या राती?" ती म्हणाली, "व्हय." त्यानंतर तो माठातलं पाणी तिच्याकडं न मागता आपल्या हातानं घेऊ लागला.

पुढच्या महिन्यात शितलला नांदेडच्या दवाखान्यात नोकरी लागली. निघताना ती बॅग खाली ठेवून आजीच्या गळ्यात पडली आणि रडतरडत ढावलो सुरू केला, माफी मागणारा. मोबाइल तिनं आधीच जगनच्या हाती देऊन टाकला होता. तांड्यातल्या बाया जवळ आल्या. मिराबाईनं सूर धरला. उंच, स्वच्छ, जुन्या बायांचा असायचा तसा सूर. शब्द मात्र एकही आला नाही.

आजीला शब्द आठवत नाहीत, असं शितलला वाटलं असावं. सवयीनं तिनं आजीचा तळहात घेतला आणि त्यावर हलकेच ठेका धरला.

मिराबाईनं हात सोडवून घेतला.

"मला समदं बोलता येतं, बाई," ती म्हणाली. "जाय. एसटी जाईल तुझी."