बोटाला लागलेलं दूध

प्लेगाच्या भयानं घाटनांदूरचे लोक माळावर झोपड्या घालून राहिले होते. साथ ओसरली तसे परत गावात गेले. मागं राहिला एकटा धुळाजी धनगर. लोकांनी किती विनवलं, पण हा कुणाचं ऐकेल तर शपथ! बायको, लेक, सून, साथीनं सगळं घर धुऊन नेलं. आता त्या चार भिंतींत जाऊन बोलायचं कुणाशी? माळावर निदान वारा तरी बोलतो, म्हणायचा. खोटं होतं ते. एकटेपणानं म्हातारा आतून पार खचला होता.

तशात काल भाकरीच्या वासानं एक कुत्री आली. धुळाजीला कोण आनंद! जाईल-बिईल म्हणून त्यानं तिला दाव्यानं खुंटाला बांधलीच. तेव्हापासून ती ओढ्याकडं तोंड करून रडत होती. भाकरीला शिवेना.

"काहून रडती गं? गोचिडींनी बेजार केलंय व्हय?"

अंगभर गोचिडी होत्याच. धुळाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं सगळा कारभार बोटांनी. कानांच्या आत, मानेखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत तो चाचपत गेला. गोचीड सापडली की चिमटीत अगदी कातडीलगत धरायची, चिरडायची नाही, हळूच सरळ वर ओढायची. तोंड आत राहिलं तर तिथं पिकतं. काढली की मिठाच्या कढत पाण्यात. जन्म मेंढरांत गेलेला, त्याला हे शिकवायला नको. मधेच कुत्रीनं त्याचं मनगट चाटलं, तर गड्याला रडूच फुटलं.

पोटाखाली एक भली मोठी लागली. ओढली, निघेना.

"लई चिवट हाय की!"

पुन्हा ओढली. कुत्री किंचाळली, बोटं ओली झाली. रक्त असेल म्हणून त्यानं नाकाशी नेली. दूध!

"आगं माझे माय! पोरं हायती व्हय तुला?"

गोचीड कसली, तो सड होता! लेकुरवाळीला पिलांपासून तोडून त्यानं कालपासून बांधून घातली होती. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. तरी दाव्याच्या गाठीवर हात थांबलाच. सोडली तर ही काही परत यायची नाही. आणि पिलं एव्हाना मेलीच असतील, मग सोडून उपयोग काय? असला विचार मनात आला म्हणून म्हाताऱ्यानं स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली आणि गाठ सोडली. कुत्री जी पळाली, तिनं मागं वळून पाहिलं नाही.

तिची भाकर घेऊन, काठी टेकत, ठेचकाळत तो ओढ्यापर्यंत गेला. बोराटीच्या जाळीजवळ पोचतो तोच ती आतून गुरगुरली. पुढं आलास तर फाडीन, अशी. आणि तिच्या पोटाशी बारीक कूंकूं चाललेली.

धुळाजीनं भाकर तिथंच ठेवली नि मागं सरला.

"जिती हायती! आवं, जिती हायती!"

ओरडतच तो वळला. सांगायला माळावर कुणी नव्हतं.