मेणकापडाखालची खुर्ची

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे, आणि माझ्या अंगावर मेणकापड घातलेलं आहे. तेच, जे तान्ह्या बाळाखाली घालतात. हसू नका, मित्रांनो. आधी ऐकून तर घ्या.

काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला एका कारागिराने मला विणलं. शेजारच्या गॅरेजात ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवणारे केरबा येता-जाता मला निरखायचे. एक दिवस त्यांनी मला सरळ डोक्यावर घेतलं आणि पूनम सागर वसाहतीतल्या आपल्या घरी खिडकीशी आणून ठेवलं. काय थाट होता तेव्हा माझा! पाहुणे माझी वीण बोटांनी चाचपून बघायचे. वर्षावास जवळ आला, की केरबा माझ्यात बसून मोठ्याने वाचायचा सराव करायचे. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. पांढरेशुभ्र कपडे घालून सगळ्यांपुढे बसून वाचायचा मान दरवर्षी केरबांचा. आवाज असा खणखणीत, की खालच्या मजल्यावरचे लोकसुद्धा सराव ऐकायचे.

या उन्हाळ्यात त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं हो, पण लघवीची नळी काढली आणि सगळं बिनसलं. खोकला आला, की थेंब. शिंक आली, की थेंब. माझ्यातून उठायला गेले, की पायजमा ओला. पहिल्यांदा झालं तेव्हा ते म्हणाले, "पाणी सांडलं." त्यांची बायको तुळसाबाई उठून कपाटाकडे गेल्या. त्यांनी नातवाचं मेणकापड शोधून काढलं आणि माझ्यावर पसरलं.

काही महिने असं होतं, घाबरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करा, तोवर पॅड लावा, म्हणाले होते. व्यायाम केरबा इमानेइतबारे करायचे. वर पेपर धरलेला आणि खाली आवळणं-सोडणं चाललेलं. घरात कुणाला पत्ता नाही, मला मात्र सगळं कळायचं. पॅडचं नाव काढलं, की भडकायचे. "मी काय कुकुलं बाळ हाय?" वर पाणी पिणंच सोडलं त्यांनी. त्याने लघवीची जळजळ तेवढी वाढली, थेंब काही थांबले नाहीत.

वेताला वारा लागतो, मित्रांनो. त्या मेणकापडाखाली माझा जीव घुसमटायचा. पण मी तरी खुर्ची, मला कुठे जायचं होतं? केरबा तर चालते-फिरते गृहस्थ. तेही माझ्यासारखेच खिडकीशी अडकून पडले. विहाराकडे निघालेली माणसं खाली दिसली, की पडदा ओढून घ्यायचे. मला त्यांची फार दया यायची आणि रागही यायचा.

विहाराचं काम बघणारा उत्तम त्यांना बोलवायला आला, तेव्हा त्यांनी तुळसाबाईंना सांगायला लावलं, "त्यांना वाचायला दिसत नाही आता." उत्तम बिचारा हळहळत गेला. आणि आठवड्याने ग्रंथाची मोठ्या अक्षरांची प्रत घेऊन हजर.

"जय भीम, काका. तुमच्यासाठी मुद्दाम मागवली. आता टेन्शन नाय. उद्यापासून तुम्हीच वाचायचं. मी वाचतोय तर लोक जांभया देतायत."

केरबांनी पुस्तक उघडलं. अक्षरं ही एवढाली.

"सांगून टाका की," तुळसाबाई म्हणाल्या. "किती दिस कोंडून घेणार?"

केरबांनी पुस्तक मिटलं. मग केरबा खाली बघत म्हणाले, "मला लघवी धरवत नाही, उत्तम. पांढऱ्या कपड्यात, सगळ्यांच्या पुढं... नाही जमायचं."

"एवढंच ना, काका?"

"एवढंच नाही रे. तुझ्यावर आलं नाही, म्हणून तुला एवढंच."

उत्तमचा चेहरा उतरला. "चुकलो, काका," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "किती वेळ बसवतं तुम्हाला?"

"अर्धा तास. लई झालं."

"मग अर्ध्या तासाने सगळेच उठू. पाय मोकळे करू, पाणी पिऊ."

"लोकांना कारण काय सांगशील?"

"माझे गुडघे धरतात म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी केरबांनी कुरकुरत का होईना, पॅड लावलं, पांढरा पायजमा चढवला आणि ते गेले. वाचन झालं, मध्येच सगळे उठले, कुणी काही विचारलं नाही. घरी आले तेव्हा पॅड ओलंच होतं. दुखणं काही पळालं नव्हतं. पण येताच ते तांब्याभर पाणी गटागटा प्यायले.

मित्रांनो, रिकामी खुर्ची बघून लोकांना वाईट वाटतं. मला मात्र त्या संध्याकाळी फार बरं वाटलं. तुमच्या घरात एखादं माणूस सारखं एकाच जागी बसून राहिलं, तर ते आराम करतंय असं धरून चालू नका. जवळ बसा, हळूच विचारा, कुठे अडलंय. आणि त्याने सांगितलंच, तर "एवढंच ना" तेवढं म्हणू नका.