अंगणातला खड्डा आणि माझी घरघर

मित्रांनो, मी एक जुनं साउंड कार्ड आहे. हिरवं, तुमच्या तळहाताएवढं. सोलापूरच्या भवानी पेठेत महादेवप्पांच्या घरी एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याच्या पोटात मी बसलो आहे. कॉम्प्युटरमधला प्रत्येक आवाज माझ्यातूनच स्पीकरकडे जातो. बोलणं हेच माझं काम, पण स्वतःचं एक अक्षरही मला बोलता येत नाही.

शेजार मला कधी चांगला मिळाला नाही. एकीकडे पंखा, दुसरीकडे हार्ड डिस्क. ती जरा हलली की तिच्या विजेची कुरकुर माझ्या अंगात शिरते. त्यात भिंतीपलीकडे यंत्रमाग! त्यांच्या मोटारींची खळबळ वायरीतून माझ्यापर्यंत येते आणि स्पीकरमधून घरघर बाहेर पडते. करणारे दुसरेच, बोलणी मात्र मी खायची.

पहिल्याच दिवशी महादेवप्पा म्हणाले, "हे काय, घसा बसलेलं मशिन गळ्यात मारलं की आपल्या!"

मग ते कापडाच्या दुकानात गेले असताना मानसिंग वायरमन आला. त्याने अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून लोखंडी पाइप पुरला आणि कॉम्प्युटरची एक वायर त्याला जोडली. नको असलेली वीज मातीत जिरू लागली आणि मी गप्प झालो. जाताना तो महादेवप्पांच्या पत्नीला, हेमावतीबाईंना, म्हणाला, "वैनी, खड्डा ओला ऱ्हाऊ द्या. कोरडा पडला की परत घरघर."

हेमावतीबाई रोज भांडी विसळलेलं पाणी तिथे ओतू लागल्या. आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. महादेवप्पा चिडायचे.

"झाड न्हाय, रोप न्हाय, पाणी कशाला घालतीस मातीत?"

"हाय एक तहानलेलं," म्हणून बाई हसायच्या.

एका दुपारी त्यांच्या मुलीने, चंद्रिकाने, माइक आणला आणि आईचं जोगुळ, म्हणजे कानडी पाळणागीत, कॉम्प्युटरमध्ये भरून घेतलं. काय स्वच्छ आवाज आला होता! त्या दिवशी सगळ्यांनी मला नावाजलं. तेवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं.

पुढे चंद्रिका लग्न होऊन पुण्याला गेली. माझ्या कॉम्प्युटरवर जुनी चादर पडली. मग हेमावतीबाई वारल्या. अंगणातल्या खड्ड्याकडे कोणी बघेना. तिथली माती भेगाळली. मी अंधारात धूळ खात पडलो. मला रागावणारंसुद्धा कोणी उरलं नाही, याचं फार वाईट वाटायचं.

यंदा चंद्रिका बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारशाला आजीचंच जोगुळ लावायचं, असं महादेवप्पांनी ठरवलं. त्यांनी चादर काढली, कॉम्प्युटर सुरू केला. माझा ऊर भरून आला. पण स्पीकरमधून नुसती घरघर! बाईंचा आवाज तिच्याखाली बुडून गेला.

"गेलं की तिचं गाणं," महादेवप्पा खाली बसले.

"अप्पा, बायका गातील की बारशाला," चंद्रिका हळूच म्हणाली. "हे भंगारात देऊन टाकू. तुम्हाला बघवत नाही."

गाणं गेलं नव्हतं, मित्रांनो! ते जसंच्या तसं होतं. मी जीव तोडून सांगत होतो, आणि जितकं सांगावं तितकी घरघर वाढत होती.

भंगारवाला यायच्या दिवशी सकाळी महादेवप्पांनी पुन्हा एकदा गाणं लावलं आणि स्पीकरला कान चिकटवला. गाण्याच्या आधी बाई काहीतरी बोलल्या होत्या. त्यांनी ते परत परत लावलं. शेवटी शब्द लागले.

"थांब गं चंद्रे, आदी खड्ड्यात पाणी घालून येते. न्हाईतर ते परत कण्हायला लागंल."

मग बादलीची कडी वाजली आणि पाणी ओतल्याचा आवाज आला.

महादेवप्पा उठले. नळाला पाणी यायला अजून अवकाश होता, घरात पिण्यापुरत्या दोनच घागरी होत्या. त्यातली एक उचलून त्यांनी खड्ड्यात रिकामी केली. मग दुसरी आणली.

"अप्पा, प्यायचं पाणी हाय ते!" चंद्रिका ओरडली.

माती पाणी पीत गेली. माझी घरघर हळूहळू उतरली, आणि घरात हेमावतीबाई गाऊ लागल्या. चंद्रिका दारातच रडत उभी राहिली. भंगारवाला हाका मारून निघून गेला.

बारशाला पाळण्याची दोरी महादेवप्पांच्या हातात होती आणि गाणं माझ्यातून येत होतं.

आता चंद्रिका बाळाला घेऊन पुण्याला परतली आहे. गाणं तिच्या मोबाइलमध्येही आहे, त्यामुळे माझी तशी गरज उरलेली नाही. घर पुन्हा सुनं आहे. मित्रांनो, एखादी जुनी वस्तू कण्हू लागली, तर फेकण्याआधी एवढं विचारा, की तिला रोज कोण काय देत होतं, आणि ते कधी थांबलं.

महादेवप्पा रोज संध्याकाळी खड्ड्यात तांब्याभर पाणी घालतात. कॉम्प्युटर मात्र कित्येकदा सुरूही करत नाहीत.