बाबांच्या हातची बुचं

"तुझ्या बाबांच्या बाटल्यांना मुंग्या लागल्यात," आई फोनवर म्हणाली. बाबा गेल्यावर त्यांच्या खोलीत ती पहिल्यांदाच झाडू घेऊन गेली होती.

बाबा एका हॉटेलच्या तळघरात वाइन सांभाळायचे. हॉटेल बंद पडलं तेव्हा मालकाने निरोपादाखल त्यांना हंगेरीच्या जुन्या गोड वाइनच्या काही बाटल्या दिल्या. त्यातल्या पाच उरल्या होत्या. इतर वाइन आडवी ठेवतात, ही ते उभी ठेवत. द्राक्षं वेलीवरच सुकून मनुकांसारखी झाली की त्यांची ही वाइन करतात. ती माणसापेक्षा जास्त टिकते, पण तिचं बूच तेवढं टिकत नाही, असं बाबा सांगत. म्हणून वीसेक वर्षांनी बुचं बदलायची. तोवर प्रत्येक बाटलीतलं थोडं उडून गेलेलं असतं. ते भरून काढायला एक बाटली फोडून बाकीच्यांत ओतायची. मी शाळेत असताना त्यांनी हे सगळं माझ्यासमोर केलं होतं.

मी नवी बुचं घेऊन घरी गेले. कपाटातून बूच दाबायचं हातयंत्र काढलं. मुंग्यांची रांग एकाच बाटलीच्या गळ्याशी होती, पण बाकीच्यांची बुचंही ओलसर झाली होती.

"बदलायलाच हवीत," मी म्हणाले.

आई दारातून आत आली नाही. "ती त्यांनी बसवलीत."

"तशीच ठेवली तर आतली वाइन जाईल, आई."

"आतलं परक्या देशातलं आहे. बुचं त्यांच्या हातची आहेत."

माणूस गेल्यावर काय करावं यावर मी पुष्कळ वाचलंय. त्यात बुचांबद्दल काही नव्हतं. मी यंत्र पुसत बसले.

बऱ्याच वेळाने ती स्वयंपाकघरातून नरसाळं घेऊन आली. "मुंग्यांची फोड. लागलेलं आधी संपवायचं."

वास घेऊन पाहिला. बिघडली नव्हती. रंग मात्र कोऱ्या चहासारखा झाला होता. मी एकेका बाटलीचं जुनं बूच काढलं आणि आई तेलाची बरणी भरावी तशी, एक थेंब न सांडता ओतत गेली. मी पहिलं नवं बूच दाबलं, ते तिरकं गेलं.

"बापाची लेक," ती म्हणाली. "त्यांचंही पहिलं असंच गेलं होतं."

तीन झाल्या. चौथीला मी हात लावला तशी तिने ती स्वतःकडे ओढली.

"ही राहू दे."

"खराब होईल गं."

"होऊ दे. मला माहितीये."

मी चौथं नवं बूच बाजूला ठेवलं. फोडलेल्या बाटलीत तळाशी थोडी उरली होती. ती दोन वाट्यांत घेतली. बाटली फोडली की बाबा दर वेळी आईपुढे पेला धरायचे आणि ती नुसता वास घेऊन परत द्यायची. आज तिने घोट घेतला. तो बराच वेळ तोंडात ठेवला.

"आधी वाटतं नुसतंच गोड," ती म्हणाली. "मग मागून आंबट येतं. म्हणून नकोसं होत नाही." पुन्हा एक घोट. "चांगली मुरलीय. तुझे बाबा मात्र शेवटपर्यंत कच्चेच राहिले."

मी हसले. तीही हसली.

नव्या बुचांच्या तिन्ही बाटल्या मी कपाटात उभ्या केल्या. आईने एका खोलगट ताटलीत पाणी घेतलं आणि चौथी बाटली त्यात मधोमध ठेवली, मुंग्या चढू नयेत म्हणून.